आत्ताच गेला, साहेब

विदर्भातल्या उन्हाबद्दल पुण्या-मुंबईकडच्या नातेवाइकांची मतं ठाम असतात. लग्नपत्रिकेत मे महिन्याची तारीख आणि खाली नागपूरचा पत्ता दिसला, की दोन दिवसांत फोन येतो. "यायची फार इच्छा होती हो, पण ह्यांना ऊन अजिबात सोसत नाही." ह्यांचा हा विकार लग्नापुरताच असतो. त्याच मे महिन्यात, कधीकधी त्याच आठवड्यात, हेच 'हे' चंद्रपूर जिल्ह्यात, ताडोबाच्या जंगलात वाघाचा फोटो काढायला, टप नसलेल्या जिप्सीत, दुपारी तीन वाजता उघड्या डोक्याने बसलेले सापडतात. पारा ४५ च्या वर, नाकातोंडात लाल धूळ, आणि या सगळ्यासाठी त्यांनी काही महिने आधीच ऑनलाइन पैसे भरलेले. आम्ही त्या वेळी खिडकीला वाळ्याची ताटी लावून, कूलरसमोर बनियनवर पडून पन्हं पीत असतो. ऊन लागणं हा आमच्याकडे आजार आहे, पाहुणे तो बुकिंग करून घेतात.

या वेडामागे शास्त्र आहे, हे मान्य करायला हवं. ताडोबाचं जंगल पानझडीचं. सागासारखी झाडं मेपर्यंत उघडीबोडकी होतात, गवत वाळून आडवं पडतं, नाले आटतात. पावसाळ्यात दहा फुटांवरचा गवा दिसत नाही, तिथे आता शंभर फुटांवरचा दिसतो. शिवाय वाघ उन्हाला आमच्याइतकाच वैतागतो. त्याला पाणवठ्यावर यावंच लागतं, नुसतं प्यायला नाही, बसायला. तो पाण्यात शिरतो तोही बऱ्याचदा उलटा, शेपटीकडून, एकेक पाय मागे टाकत. तोंडावर पाणी उडू नये आणि समोरचं दिसत राहावं म्हणून, असं जाणकार सांगतात. मग गळ्यापर्यंत बुडून तासन्‌तास पडून राहतो. म्हणजे फोटोवाल्याने करायचं ते एवढंच, की पाणवठ्याशी गप्प बसायचं. पण पैसे भरलेला माणूस गप्प बसू शकत नाही, ही या छंदातली मूळ अडचण आहे.

माझे साडूभाऊ पुण्याचे. गृहस्थ एरवी समंजस. पण होळी झाली की त्यांच्या अंगात काहीतरी संचारतं आणि ते आम्हाला "काय, यंदा पाण्याची परिस्थिती कशी आहे?" असं विचारायला लागतात. आमच्या नळाची त्यांना चिंता नसते. ताडोबाच्या तेलिया तलावात पाणी किती उरलंय, हे त्यांना हवं असतं. मेमध्ये ते येतात तेव्हा कॅमेऱ्याची बॅग त्यांच्या मांडीवर असते आणि कपड्यांची बॅग मेहुणीच्या डोक्यावर. बॅगेत कॅमेरा, दुसरा कॅमेरा, १५०-६०० ची लेन्स (एकटीचं वजन दोन किलोच्या आसपास), फुंकणी, ब्रश, तीन प्रकारची फडकी. जावळ काढलेल्या बाळाचं डोकंसुद्धा कुणी इतक्या हळुवारपणे पुसत नाही, जितक्या हळुवारपणे ते लेन्सची काच पुसतात.

मग पोशाख. अंगात हिरवे-तपकिरी ठिपके असलेलं लष्करी छापाचं जाकीट, तसलीच विजार, तसलीच टोपी, आणि लेन्सलासुद्धा त्याच कापडाचा अंगरखा. जनावरांना आपण दिसू नये हा हेतू. आता चितळाला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. खुद्द वाघाचा नारिंगी रंग त्याला हिरवटच दिसत असणार, म्हणून तर वाघाचं पोट भरतं. पण समजा कळलाच, तरी खडखडणारी जिप्सी, तिच्यात सहा पर्यटक, एक गाइड, एक ड्रायव्हर, सगळ्यांना मिळून ओडोमॉसचा वास, आणि या सगळ्यात साडूभाऊ मात्र अदृश्य, असा काही चितळाचा समज होईल असं वाटत नाही.

या सरंजामात एक वस्तू स्थानिक लागते. तिला बीनबॅग म्हणतात. जड लेन्स हातात धरून हात कापतो, म्हणून जिप्सीच्या दांड्यावर कापडी पिशवी टाकून तिच्यावर लेन्स टेकवायची. पिशवी प्रवासात रिकामी आणायची आणि मुक्कामी धान्याने भरायची. साडूभाऊंनी आमच्या स्वयंपाकघरातला पहिला दिसेल तो डबा उघडला आणि तीन किलो तांदूळ भरून घेतले. तो भंडाऱ्याहून खास आणवलेला चिन्नोर होता. "घरात साधा तांदूळ नाही का?" असं त्यांनी विचारलं. सौ. म्हणाली, "साधी पिशवी नाही का?" दोन बहिणींच्या नवऱ्यांमध्ये अंतर ठेवून वागण्याची रीत पूर्वजांनी उगीच घातलेली नाही. सफारीहून आल्यावर तांदूळ इमानदारीने डब्यात परत आले. त्या आठवड्यात आमच्या भाताला ताडोबाच्या मोहर्ली गेटच्या धुळीची हलकी चव होती.

गेटवर मोबाइल जमा करून घेतात, कोअरमध्ये, म्हणजे जंगलाच्या गाभ्यात, नेता येत नाही. ही वनखात्याने माणसांवर केलेली मोठी मेहरबानी आहे. तीन-चार तास कुणाचाही फोन वाजत नाही, कुणीही "हां, रेंज जाते आहे" असं ओरडत नाही. ज्यांचा फोटोग्राफीशी संबंध मोबाइलपुरता, ते मात्र गेटवर भाड्याचा कॅमेरा घेतात आणि पहिला अर्धा तास त्यातली फ्लॅश बंद कशी करायची यावर कुटुंबात चर्चा चालते.

गाइड आसपासच्या गावांमधले. अलीकडे बायाही गाइड म्हणून चांगलं काम करतात. आमच्या गाइडला जंगल कानाने दिसायचं. तो बोलता बोलता मध्येच हात वर करी, ड्रायव्हर इंजिन बंद करी, आणि सगळं रान एकदम चिडीचूप होई. वर शेंड्यावर बसलेलं वानर खाकरल्यासारखं ओरडतं का, चितळाची शिट्टी येते का, सांबराचा तो 'पोंक' ऐकू येतो का, हे ऐकायचं असतं. सांबर सहसा खोटं बोलत नाही, असं गाइड लोक म्हणतात. त्या शांततेत आम्हाला नेमका जो आवाज ऐकू आला तो साडूभाऊंच्या बॅगेच्या चिकटपट्टीचा. चर्रर्र. गाइडने हात खाली घेतला.

"काय झालं? गेला का?"

"आत्ताच गेला न जी साहेब. बसा, कायले घाई करता. येते तो."

हे वाक्य ताडोबाचं राष्ट्रगीत म्हणून लावायला हरकत नाही. समोरून येणारी प्रत्येक जिप्सी हेच सांगते, वाघ आत्ताच गेला. रस्त्यावर ताजे पगमार्क असतात, त्यावर अजून टायर गेलेलं नसतं, गवत हलत असतं. तुम्ही जिथे असता तिथून वाघ नेहमी पाच मिनिटांपूर्वी गेलेला असतो, आणि तुम्ही तिथून निघालात की पाच मिनिटांनी येतो.

वाट बघताना वेळ घालवायला वाघांच्या घराण्यांच्या गोष्टी असतात. साडूभाऊंना स्वतःच्या चुलत आजोबांचं नाव आठवत नाही. परवाच एका कुलाचाराला अडलं होतं. पण मटकासूर आणि छोटी तारा यांचा मुलगा छोटा मटका, हे ते झोपेतून उठवलं तरी सांगतील. माया वाघीण हा तर हळवा विषय. २०२३ च्या पावसाळ्यानंतर ती दिसली नाही, आणि तिचं नाव निघालं की जुने फोटोवाले आवाज खाली आणतात. वाघडोह २०२२ च्या मे महिन्यात म्हातारपणी गेला. उमरेडचा जय नागझिऱ्याहून चालत आला होता, तो २०१६ पासून बेपत्ता. कोण कुणाच्या हद्दीत शिरला, कुणाची कुणाशी बिनसली, धाकटी कुठे नांदते, ही सगळी माहिती जिप्सीतून जिप्सीत जाते. आमच्या आत्याबाई सोयरिकी जुळवायच्या, त्यांना हे काम फार आवडलं असतं.

या काळात समोरून बाकीचं जंगल जात असतं. चितळं जातात, "पुढे घ्या." सांबर जातं, "पुढे घ्या." एक टनाच्या घरात जाणारा गवा, पायात पांढरे मोजे घातलेला, रस्त्यात उभा राहून आमच्याकडे पाहतो. जगातल्या रानगुरांमधलं सगळ्यात दांडगं जनावर आपल्याकडे बघतंय याचं कुणाला काही नाही. "गवा आहे फक्त," असं मागच्या सीटवरच्या बाई म्हणाल्या. 'फक्त' हा शब्द गव्याच्या बाबतीत वापरायला धाडस लागतं. रानकुत्र्यांच्या टोळीला मात्र थोडा मान आहे, अस्वलाला बराच, आणि बिबट्याला वाघ न मिळाल्यास.

आणि मग तो आला. पाणवठ्याच्या पलीकडच्या काठाने, सावकाश, कुणाचंही देणं नसल्यासारखा. बघता बघता दहा-बारा जिप्स्या गोळा झाल्या. प्रत्येक जण दुसऱ्याला "श्शू" करत होता आणि त्या श्शूंचा मिळून प्रेशर कुकरइतका आवाज होत होता. कॅमेऱ्यांची खडखड सुरू झाली. हल्लीचे कॅमेरे सेकंदाला दहा-वीस फोटो घेतात. वाघाने एक पाऊल टाकलं की बारा जिप्स्यांत मिळून त्या पावलाचे हजार फोटो होतात. वाघ पाठमोरा झाला, ढुंगण पाण्यात टेकवलं, बसला. मग त्याने जांभई दिली. चांगली लांबलचक, सगळे दात दाखवून, जीभ वळवून. रान खडखडाटाने भरून गेलं.

ती जांभई म्हणजे या व्यवसायाचा पाया आहे, हे वाचकांना सांगून ठेवतो. घराघरांत, कॅलेंडरांवर आणि राजकीय फलकांवर जो डरकाळी फोडणारा वाघ असतो, तो शंभरातल्या नव्वद वेळा जांभई देत असतो. त्याला झोप आलेली असते. खाली मात्र लिहिलेलं असतं, 'जंगलाचा राजा', 'आवाज कुणाचा' वगैरे. साडूभाऊंच्या दिवाणखान्यातही एक डरकाळी लावलेली आहे. तिच्याखाली बसून तेही दुपारी तसंच करतात.

बहुतेकांचा वाघ मात्र इतका सरळ मिळत नाही. कॅमेऱ्याचा ऑटोफोकस जवळची वस्तू पकडतो, आणि वाघाच्या पुढे बांबू असतो. त्यामुळे या राज्यातल्या असंख्य घरांत बांबूचे अप्रतिम फोटो आहेत. एकेक पेर, पेराची लव, वरची मुंगी, सगळं लख्ख. आणि मागे नारिंगी धुकं. दुसरा शत्रू म्हणजे ऊन. सकाळी नऊ-दहानंतर जमीन तापते, तिच्यावरची हवा थरथरायला लागते, आणि लांबच्या लेन्समधून काढलेलं चित्र पाण्याखाली असल्यासारखं विरघळतं. याला काही उपाय नाही. लाखाची लेन्स असो की भाड्याची. पण हे कबूल केलं तर कुणाला तरी दोष कसा द्यायचा? म्हणून आधी लेन्स, मग ड्रायव्हर, आणि शेवटी शेजारी बसलेला साडू हलला, असा निकाल लागतो.

खरं सांगायचं तर या जंगलातला सर्वोत्तम छायाचित्रकार कुणी माणूस नाहीच. झाडाच्या बुंध्याला, साधारण गुडघ्याच्या उंचीवर एक हिरवी पेटी पट्ट्याने बांधलेली असते, तो. कॅमेरा ट्रॅप. त्याला टोपी नाही, जाकीट नाही, बीनबॅग नाही, तो कुणाला श्शू करत नाही. समोरून काही गेलं की फोटो काढतो. वाघांच्या पट्ट्यांची नक्षी प्रत्येकाची वेगळी, त्यामुळे त्या फोटोंवरून कोण कोणता हे कळतं आणि मोजणी होते. २०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ असल्याचा अंदाज आला, तो मुख्यतः या पेट्यांच्या जोरावर. त्याआधीच्या, २०१८ च्या गणनेत देशभरात २६,८३८ ठिकाणी पेट्या लावल्या होत्या. गिनीज बुकात नोंद झाली. एकूण फोटो ३ कोटी ४८ लाख ५८ हजार ६२३. त्यांत वाघाचे किती? ७६,६५१. म्हणजे जेवायला-झोपायला न जाणाऱ्या यंत्रालाही साधारण ४५५ फोटोंमागे एक वाघ मिळाला. बाकी चितळं, गायी, सरपण आणणारी माणसं आणि वाऱ्याने हललेलं गवत. हा हिशेब मी साडूभाऊंना ऐकवला. त्यांनी विचारलं, "कोणती लेन्स होती?"

पेटीचा आणखी एक गुण आहे. ती ड्रायव्हरला "अजून थोडं पुढे घे ना" म्हणत नाही. २०२४ च्या ३१ डिसेंबरला उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात वाघीण आणि तिची पिल्लं दोन्हीकडून जिप्स्यांनी कोंडली. चित्रफीत सगळीकडे फिरली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, गाइड आणि ड्रायव्हर निलंबित झाले. ते योग्यच. पण जिप्सी पुढे कुणासाठी घेतली गेली? गाइडची बक्षिसी वाघाच्या अंतरावर ठरते, हे गेटवरच्या पोरालाही माहीत आहे. मागे उभं राहून "घे, घे, घे" करणाऱ्यांच्या भिंतीवर ती वाघीण आता फ्रेम करून लागली असेल.

पक्षीवाले लोक या सगळ्याकडे तुच्छतेने बघतात. ते वाघाला 'मांजर' म्हणतात. त्यांना मेमध्ये स्वर्गीय नर्तक हवा असतो. पांढराशुभ्र नर, डोकं काळं, आणि अंगाच्या दुप्पट लांब, फितीसारखी शेपटी. तो ओढ्याकाठच्या सावलीत क्षणभर बसतो आणि उडतो. शेपटीसकट फोटोत मावत नाही. बहुतेकांकडे एक तर पक्षी आहे किंवा शेपटी आहे. मेच्या अखेरीस पावसाच्या पुढे नवरंग येतो, तेव्हा हे लोक पाचोळ्यात पालथे पडून त्याची वाट बघतात. त्यांची भांडणंही उच्च दर्जाची असतात. वाघवाले "माझा मोठा" म्हणून भांडतात, हे "मादी आहे की पहिल्या वर्षाचा नर" यावर बोलणं टाकतात.

ताडोबाचं नावच मुळी फोटोशिवाय टिकलेलं आहे. तारू नावाचा गोंड गावप्रमुख वाघाशी झुंजताना मेला, त्याचा तारोबा झाला, असं सांगतात. तलावाकाठी त्याचं ठाणं आहे. वाघाच्या इतकं जवळ गेलेला तो एकमेव माणूस, आणि पुरावा काही नाही. माझ्या वडिलांच्या पिढीचंही तसंच होतं. नोकरीच्या फिरतीवर त्यांना एकदा एस.टी.समोर वाघ आडवा गेला. तो वाघ मी लहान असताना सात फुटांचा होता. मी कॉलेजात गेलो तोवर नऊ फूट झाला, आणि वडील निवृत्त झाले तेव्हा एस.टी.चा कंडक्टर बेशुद्ध पडायला लागला होता. फोटो असता तर ही वाढ खुंटली असती. साडूभाऊंचा वाघ गेली कित्येक वर्षं तेवढाच आहे, डाव्या कोपऱ्यात, बांबूमागे.

घरी आल्यावर तर त्याचे आणखी हाल. हजारेक फोटो टीव्हीवर दाखवले जातात. पहिल्या दहांना "वा", पुढच्या विसांना "अच्छा", मग काकू विचारतात, "हा तोच का मघाचा?" तोच असतो. अर्ध्या सेकंदानंतरचा. मग निवडक एका फोटोवर, कोपऱ्यात, 'अमुकतमुक वाइल्डलाइफ फोटोग्राफी' असं वळणदार अक्षरांत नाव घालून तो कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जातो. व्हॉट्सॲप त्याची साइज इतकी कमी करतं, की लेन्सचे लाखभर रुपये तिथेच पाण्यात जातात. दुसऱ्या दिवशी तोच वाघ 'शुभ सकाळ' लिहून, गुलाबाच्या दोन फुलांसह, भलत्याच ग्रुपवरून साडूभाऊंकडे परत येतो.

बुद्धपौर्णिमेची रात्र मात्र वेगळी गेली. वनखातं त्या रात्री लोकांना पाणवठ्यांवरच्या मचाणांवर बसवतं. पूर्वी ती प्राणिगणनाच असे. आता मोजणीचं काम पेट्यांकडे गेलं, तेव्हा याला 'निसर्गानुभव' म्हणतात. चांदण्यात बसायचं, काय आलं ते कागदावर लिहायचं. फ्लॅश मारायची नाही, बॅटरी लावायची नाही, बोलायचं नाही. १५०-६०० ची लेन्स चांदण्यात आंधळी असते. साडूभाऊंनी तासभर खटपट केली, काळे फोटो काढले, आणि शेवटी कॅमेरा बॅगेत ठेवून दिला. रात्री उशिरा एक अस्वल आलं. पाणी प्यायलं, फुसफुसत मचाणाच्या खालून गेलं, मोहाच्या बुंध्याला अंग घासलं. आम्हा दोघांचा श्वास अडकला होता. एक फोटो नाही.

त्या अस्वलाबद्दल साडूभाऊ आजही सांगतात. परवा पुण्याला गेलो होतो तेव्हा ते मचाणाची शिडी चढत होतं.

कोअर दरवर्षी १ जुलैला बंद होतो तो ३० सप्टेंबरपर्यंत. त्या काळात लेन्सला बुरशी लागते, तेव्हा हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. मेचं बुकिंग लवकर करा, मंगळवारी ताडोबा बंद असतो हे तारखा घेताना बघा. आणि नागपुरात आमच्याकडे उतरणार असाल तर कूलर एकच आहे, तो हॉलमध्ये आहे, तिथे आपण सगळे झोपू. बीनबॅगचा तांदूळ तेवढा आपापल्या घरून आणावा, ही विनंती.